दोन महिने पुस्तक असतं कुठे?

प्रश्न: नागपुरातल्या एका ‘अ’ वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयात मी गेल्या दिवाळीपासून ग्रंथपाल आहे. माझ्याशिवाय चौघं जण आहेत: सहायक ग्रंथपाल, लिपिक, देवघेवीवर बसणारी निर्गम सहायक आणि शिपाई. लिपिक काका पंचवीसहून जास्त वर्षांपासून इथेच आहेत. नवीन पुस्तकं येतात, पण वाचकाच्या हाती पडायला दोन-दोन महिने लागतात. वाचक विचारतात, ‘मॅडम, नवीन पुस्तकांची यादी तर लावली तुम्ही, पुस्तक कुठं आहे?’ मी चौकशी केली की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. इंटरनेटवरून नमुना घेऊन मी कामवाटपाचा तक्ता केला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या, भिंतीवर लावला. चार दिवसांत पुन्हा जैसे थे. त्यात संस्थेचे कार्यवाह (सचिव) साहेब शिपायाला परस्पर बँकेत, छापखान्यात पाठवतात. काकांना काही सुचवलं तर ते दुखावतात. ‘तुम्ही शाळेत होत्या तेव्हापासून करून राहिलो मी हे’ म्हणतात. आता संस्थेच्या कार्यकारी मंडळाचं म्हणणं आहे की संगणकीकरण करून टाका, सगळं सुरळीत होईल. कामाची आखणी मी सुरू कुठून करू? आणि सॉफ्टवेअर आधी की कामवाटप आधी?

– एक ग्रंथपाल, नागपूर

उत्तर:

ताई,

तो तक्ता आजच भिंतीवरून काढा. तो डोळ्यांसमोर आहे तोवर सगळ्यांना वाटत राहणार की वाटप तर झालंय, म्हणजे अडतंय ते माणसांमुळे. तुमच्या पत्रातून मला तसं दिसत नाही. तुमच्याकडची चारही माणसं काम करताहेत. काम अडतं ते एकाच्या हातून सुटून दुसऱ्याच्या हाती पडेपर्यंत, आणि त्या मधल्या काळासाठी तुमच्या तक्त्यात रकानाच नाही.

जरा हिशेब करून बघा. दाखल नोंद (नवं पुस्तक क्रमांक देऊन वहीत चढवणं), शिक्के, वर्गांक (विषयाचा क्रमांक), तालिकेतली म्हणजे ग्रंथसूचीतली नोंद, कार्डाचा खिसा, तारखेची चिठ्ठी, पाठीवरचं लेबल, हे सगळं धरून एका पुस्तकावर खरं काम किती? सावकाश केलं तरी तासाभराच्या आत आटोपतं. मग दोन महिने त्या पुस्तकाचं चालतं काय? ते थांबलेलं असतं. कधी जिन्याखालच्या खोक्यात, कधी कुणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, कधी कुलूपबंद कपाटात. तेव्हा माणसांना कामं वाटून देण्याआधी एक पुस्तक तुमच्या ग्रंथालयातून कसं चालतं आणि कुठे-कुठे बसून राहतं, ते आधी पाहून घ्या. वाटप त्यानंतर.

हे विचारून कळत नाही. कुणालाही ‘तुम्ही काय-काय करता’ असं विचारलं की तो काय व्हायला हवं ते सांगतो, आणि त्यात खोटेपणा नसतो. काम पाहून त्याचा नकाशा काढायची पद्धत कारखान्यांतून आली. फ्रँक गिलब्रेथ या अमेरिकी माणसाने 1921 मध्ये तिथल्या यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेपुढे ती मांडली. तो मूळचा गवंडीकाम शिकलेला. वीट लावणाऱ्याच्या हातांकडे बघत बसून त्याने एका विटेमागच्या 18 हालचाली 5 च्या आत आणल्या होत्या. त्याने गवंड्यांना प्रश्नावली दिली नव्हती, तो उभा राहून बघत होता.

तुम्ही असं करा. पुढचा गठ्ठा येईल तेव्हा त्यातली दहा पुस्तकं निवडा. तीन-चार कादंबऱ्या, एखादं चरित्र, स्पर्धा परीक्षेचं एखादं मार्गदर्शक, दोन बालविभागाची, आणि जमलं तर कुणीतरी भेट दिलेलं एक. प्रत्येकात कागदाची लांब पट्टी ठेवा. पुस्तक ज्याच्या हाती येईल त्याने तारीख लिहायची, काय केलं ते दोन शब्दांत लिहायचं आणि पुस्तक कुठे ठेवलं ते लिहायचं. नाव लिहायला सांगू नका. नावाचा रकाना आला की पट्टी हजेरीपत्रक होते, लोक सांभाळून लिहायला लागतात आणि तुम्हाला खरं काही कळत नाही. चौघांना एकत्र बसवून आधीच सांगा की आपण पुस्तकाची चौकशी करतोय, कुणा माणसाची नाही. आणि पहिली नोंद तुमच्या हातची असू द्या, कारण बरंच काही तुमच्या टेबलावरही थांबत असणार.

महिन्याभराने पट्ट्या समोर ठेवून बसा. सार्वजनिक ग्रंथालयांची चाल मला माहीत आहे, म्हणून त्यांवर साधारण काय दिसेल ते सांगते.

पहिला थांबा बिलाशी असेल. सीताबर्डीवरून ऑटोत गठ्ठे येतात, सोबत चलन (पाठवलेल्या पुस्तकांची यादी) असतं, बिल मागाहून येतं. बिल आल्याशिवाय पुस्तकं फोडायची नाहीत असा अलिखित नियम बऱ्याच ठिकाणी असतो. तो कुणी केला ते कुणालाच आठवत नाही. खरं म्हणजे चलनावरून पुस्तकं मोजता येतात. मागणीपत्राशी ताडून पाहता येतात. फाटकी पानं, कोरे फर्मे (न छापलेल्या पानांचे गठ्ठे), उलटी बांधणी त्याच दिवशी तपासता येते. आणि तपासायलाच हवी, कारण दाखल क्रमांक पडून शिक्के बसल्यावर विक्रेता पुस्तक परत घेत नाही. बिलाची गरज किंमत आणि बिल क्रमांक नोंदवायला लागते, ती पुढे. म्हणजे जो थांबा दोन आठवड्यांचा वाटतो, त्यातलं अर्धं काम गठ्ठा आला त्याच दुपारी उरकू शकतं.

दुसरा थांबा दाखल नोंदवहीचा, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. कारण तुमच्या दुखण्याचं मूळ बहुधा इथेच सापडेल.

दाखल नोंदवही म्हणजे ग्रंथालयाच्या मालमत्तेचा कागद. प्रत्येक प्रतीला स्वतःचा क्रमांक. एकाच कादंबरीच्या तीन प्रती आल्या तर तीन क्रमांक. बाद झालेल्या पुस्तकाचा क्रमांक पुन्हा कुणाला द्यायचा नाही. लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठं, किंमत, विक्रेता, बिल क्रमांक आणि तारीख. मग बिलावर लिहायचं की यातली पुस्तकं अमुक ते अमुक क्रमांकावर दाखल करून घेतली, खाली सही. ती सही झाल्यावरच बिलाचे पैसे निघतात. तपासणीला आलेले अधिकारी सगळ्यात आधी हीच वही उघडतात आणि बिलांशी ताळा घालतात. पंचवीस वर्षं त्या बिलांवर कुणाची सही आहे? काकांची. एखादा क्रमांक दोनदा पडला, एखादी ओळ सुटली, तर अनुदानाच्या कागदांवर आक्षेप येतो आणि उत्तर त्यांना द्यावं लागतं. ते वही कपाटात कुलूप लावून ठेवत असतील तर त्याला अडवणूक समजू नका. जबाबदारी एकट्याची असली की माणूस असाच वागतो.

मात्र याचा परिणाम असा होतो की काका रजेवर गेले की पुस्तकं थांबतात. आणि दुसरं, हातात घेतलेल्या बिलाच्या सगळ्या पुस्तकांची नोंद पुरी होईपर्यंत ते एकही पुस्तक पुढे सोडत नसणार. एका बिलात शंभर-सव्वाशे पुस्तकं असतात. देवघेव, पत्रव्यवहार, वर्गणीच्या पावत्या सांभाळत काका रोज आठ-दहा नोंदी करतात. म्हणजे पहिल्या दिवशी नोंद झालेलं पुस्तक शेवटच्या पुस्तकासाठी पंधरवडाभर खोळंबतं. सहायक ग्रंथपाल तोवर मोकळ्या. मग एके दिवशी शंभर पुस्तकं एकदम त्यांच्या टेबलावर येऊन पडतात आणि त्यांच्याकडे तेच सुरू होतं. काकांना काम भरभर करायला सांगायची गरजच नाही. दहा नोंदी झाल्या की ती दहा पुस्तकं पुढे सरकवायची, एवढंच ठरवा. कुणाचा वेग वाढवला नाही, कुणाला बोललं नाही, आणि पहिली दहा पुस्तकं त्याच आठवड्यात शिक्क्यांपर्यंत पोचतील. बिलावरची सही सगळी नोंद झाल्यावरच होऊ द्या, ती घाई नको.

मार्चच्या तोंडावर तर हे फारच महत्त्वाचं. अनुदान हाती येतं तेव्हा खरेदी होते, आणि 31 मार्चच्या आत बिलं निकाली काढायची म्हणून सगळा लोंढा एकदम येतो. त्या दिवसांत तुम्हीही नोंदवहीवर बसायची तयारी ठेवा.

तिसरा थांबा वर्गीकरणाचा. सहायक ग्रंथपाल तुमच्याकडच्या शिकलेल्या बाई. प्रत्येक पुस्तक त्यांच्या हातून जावं असा सगळ्यांचा समज असणार. पण तुमच्याकडे येणाऱ्या पुस्तकांत मराठी कथा-कादंबऱ्या किती, ते मोजा. विषयांना आकडे देणाऱ्या ड्यूईच्या दशांश वर्गीकरण पद्धतीत मराठी साहित्य 891.46, त्यातल्या कथा-कादंबऱ्या 891.463. पुढे लेखकाच्या नावाचं अक्षर लावलं की झालं. यात विचार करण्यासारखं काही नाही. हे निर्गम सहायकाला एका दुपारी शिकवता येतं, आणि दुपारी देवघेवीवर गर्दी नसतेच. चरित्रं, इतिहास, आरोग्य, शेती, कायदा, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं, म्हणजे जिथे विषय कोणता धरायचा हा खरा प्रश्न असतो, तेवढीच सहायक ग्रंथपालांकडे जाऊ द्या. म्हणजे पुस्तकांना दोन रस्ते झाले, एक सरळ आणि एक विचाराचा. वाचक ज्यांच्यासाठी तुमच्यामागे लागतात त्या कादंबऱ्या पहिल्या रस्त्याने झपाट्याने बाहेर पडतील, आणि सहायक ग्रंथपालांना ज्या कामासाठी त्या शिकल्या तेच करायला मिळेल.

चौथा थांबा शेवटचा आणि सगळ्यात क्षुल्लक दिसणारा. मुखपृष्ठाच्या आत शिक्का, शेवटी शिक्का, आणि ठरलेल्या गुप्त पानावर (प्रत्येक पुस्तकात त्याच क्रमांकाचं आतलं पान) शिक्का. मग खिसा चिकटवायचा, लेबल लावायचं. हे शिपायाकडे, आणि शिपाई बँकेत. कार्यवाहांचा विषय पुढे काढते.

याशिवाय आडवाटांनी येणारी पुस्तकं असतात, आणि त्यांचा नकाशात समावेश केला नाही तर तुमची सगळी मेहनत तिथेच गळते. धरमपेठेतल्या एखाद्या घरातले आजोबा जातात आणि मुलं त्यांचा संग्रह तुमच्या दारात आणून ठेवतात. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांचे एवढे स्टॉल लागतात, तिथून कुणी सदस्य उत्साहाने वीस-पंचवीस पुस्तकं घेऊन येतो, सोबत लहान-लहान पावत्यांचा जुडगा. ग्रंथालयांना मदत करणाऱ्या केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनेतून पुस्तकं येतात, त्यांना बिलच नसतं, पण नोंद तर हवीच आणि ती वेगळी ओळखू यायला हवी. आणि दिवाळी अंक! त्यांचं आयुष्य जेमतेम तीन-चार महिन्यांचं. मार्चमध्ये दिवाळी अंक तयार करून काय उपयोग? त्यांच्यासाठी वेगळी वही, वेगळे क्रमांक, वेगळं माणूस, आणि अंक आला त्याच दिवशी देवघेवीत गेला पाहिजे असा कडक नियम हवा. अशा प्रत्येक आडवाटेला ‘आल्याबरोबर कुणाकडे जायचं’ याचं उत्तर एका नावात द्या. भेटीच्या पुस्तकांत तर निवड करणारंही कुणी लागतं, कारण सगळं ठेवून घ्यायचं नसतं आणि नकार द्यायची हिंमत शिपायाला होत नाही. ते काम तुमचं.

आता वाटपाकडे येऊ. तुमच्या इंटरनेटवरच्या नमुन्यात बहुधा ‘रॅसी’ नावाचे चार रकाने असतील: करणारा कोण, उत्तर देणारा कोण, कुणाला विचारायचं आणि कुणाला कळवायचं. मोठ्या संस्थांना ते ठीक आहे. पाच माणसांच्या ग्रंथालयात सगळेच सगळ्यांना विचारतात आणि कळवतात. त्यातला एकच नियम घट्ट धरा. काम करणारे दोन असोत, तीन असोत, त्याबद्दल उत्तर देणारा एकच. ‘शेल्फ नीट ठेवणे – सर्व कर्मचारी’ अशी ओळ तुमच्या तक्त्यात असेलच. तिचा बारभाईचा कारभार होतो. तिथे एक नाव टाका.

उरलेल्या दोन रकान्यांच्या जागी माझे दोन घाला: ‘नसतील तर कोण’ आणि ‘झालं की पुढे कुठे’. म्हणजे एक ओळ अशी दिसेल. दाखल नोंद. करणार काका, उत्तर देणार काका. काका नसतील तर सहायक ग्रंथपाल, पण बिलावरची सही काका आल्यावरच. झालं की दहा-दहा पुस्तकं देवघेवीमागच्या रॅकच्या वरच्या कप्प्यात, तिथून कादंबऱ्या निर्गम सहायक उचलणार आणि बाकीची सहायक ग्रंथपाल. कप्पा कोणता ते लिहिणं पोरकट वाटेल, पण लिहाच. ‘मी तर ठेवलं होतं मॅडम’ आणि ‘मला दिसलंच नाही बाप्पा’ या दोन वाक्यांमधलं अंतर त्या एका कप्प्याने मिटतं. आणि ठेवणाऱ्याचं काम ठेवल्यावर संपत नाही, पुढच्याने उचलल्यावर संपतं, हेही स्पष्ट सांगा. संध्याकाळी कप्प्यात कालचीच पुस्तकं दिसली तर ज्याने ठेवली त्याने विचारायचं. तुम्ही विचारायला जायची वेळ येऊ नये.

एक पथ्य पाळा. पुस्तकांची मागणी करणारा आणि आलेली पुस्तकं मोजून घेणारा एकच माणूस नको. यात कुणावर अविश्वास नाही, उलट दोघांचंही संरक्षण आहे. मागणीपत्र तुमच्या सहीने जात असेल तर गठ्ठा काका आणि शिपाई मिळून मोजतील.

देवघेवीचं थोडक्यात. तुमचं वाचनालय सकाळ-संध्याकाळ अशा दोन वेळांत चालत असेल तर मधला बदल हा मोठा थांबा असतो. सकाळी परत आलेली पुस्तकं संध्याकाळच्या माणसाला ‘कालची’ वाटतात आणि परवापर्यंत पुस्तकांच्या ढकलगाडीवरच राहतात. वाचक शेल्फवर शोधतो, मिळत नाही, नोंदीत मात्र पुस्तक आत. परत आलेली पुस्तकं त्याच सत्रात जागेवर लागली पाहिजेत, आणि सत्र संपवणाऱ्याने देवघेवीच्या वहीत तीन गोष्टी लिहून जायच्या: कोणती पुस्तकं लावायची राहिली, कोणता वाचक काय मागून गेला, पैशांचा हिशेब काय. वाचकाचा वेळ वाचवा हे भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथनांचं चौथं सूत्र. 1931 साली त्यांनी मांडलेल्या पाच सूत्रांतलं हेच देवघेवीवरच्या माणसाला सगळ्यात जास्त कामाला येतं. निर्गम सहायक ताईंना ते समजावून सांगा, फक्त चिकटवून ठेवू नका.

आता काका. तुम्ही त्यांच्याकडे तयार तक्ता घेऊन गेलात, म्हणून ते दुखावले. आता कोरा कागद घेऊन जा. त्यांच्या शेजारी बसा आणि म्हणा, ‘काका, नोंदवहीत काय-काय घोटाळे होऊ शकतात ते मला सांगा, मी लिहून घेते.’ त्यांना ठाऊक असलेल्या गोष्टी कुठेच लिहिलेल्या नाहीत. कोणत्या विक्रेत्याच्या बिलात सवलत वेगळी दाखवतात, जुन्या वहीतले कोणते क्रमांक सुटलेले आहेत आणि का, गुप्त पान कधी बदललं, कोणती कपाटं पावसाळ्यात ओल धरतात. उद्या ते निवृत्त झाले तर हे सगळं त्यांच्याबरोबर घरी जाईल. तुम्ही लिहीत जा, ते सांगत जातील, मग तेच कागद त्यांना वाचून दाखवा आणि दुरुस्त्या करून घ्या. ती टिपणवही ग्रंथालयात त्यांच्या नावाने राहू द्या. सहायक ग्रंथपालांना नोंदवही शिकवायचं कामही त्यांनाच द्या, आणि पहिले काही दिवस त्यांनी तपासून सही करावी असं ठरवा. माणूस किल्ली सोडत नाही ती बहुतेक वेळा भीतीपोटी. भीती अशी की किल्ली दुसऱ्याकडे गेली तरी जाब आपल्यालाच विचारतील. ज्या दिवशी वही दुसऱ्याच्या हातात, त्या दिवशीचं उत्तरही दुसऱ्याचं, हे तुम्ही कागदावर आणा. काकांचा सूर बदलेल असं मला मनापासून वाटतं.

कार्यवाहांचा प्रश्न नाजूक आहे, पण त्यांना टाळून सुटणार नाही. त्यांचं चुकतंय असं म्हणत जाऊ नका. बँक, छापखाना, सभेच्या सूचना वाटणं ही संस्थेचीच कामं आहेत आणि ती कुणीतरी करायलाच हवीत. तुमच्या तक्त्यात ती नव्हती, म्हणून त्यांच्या दृष्टीने शिपाई रिकामा होता. पट्ट्यांमधली एक घेऊन त्यांना भेटा. लेबल लावण्यावाचून पुस्तक किती दिवस पडून राहिलं, ते तारखांसकट दाखवा. मग विनंती करा, ‘संस्थेच्या बाहेरच्या कामांसाठी आठवड्यातले दोन दिवस आणि ठरावीक वेळ बांधून देऊ, त्या वेळात शिपाई पूर्णपणे तुमचा. अडीअडचणीला इतर वेळीही पाठवा, फक्त निरोप माझ्यामार्फत येऊ द्या म्हणजे त्याचं अर्धवट काम मी दुसऱ्याकडे देईन.’ पुस्तकांची थांबलेली तारीख समोर असली की हे बोलणं तक्रारीसारखं वाटत नाही. आणि शिपायालाही विचारा. दोन साहेबांच्या मधे उभं राहून ‘आता कोणाचं ऐकू’ या विवंचनेत तो रोज असतो, त्याबद्दल त्याला आजवर कुणी विचारलं नसेल.

बिल मंजुरीतला कार्यवाहांचा वाटाही नकाशावर येऊ द्या. मंडळाची बैठक महिन्यातून एकदा आणि बिलं त्या बैठकीतच मंजूर व्हायची असतील तर तो थांबा तुमच्या कर्मचाऱ्यांचा नाही, मंडळाचा आहे. ठरावीक रकमेपर्यंतची बिलं कार्यवाहांनी मंजूर करावीत आणि बैठकीत माहितीसाठी ठेवावीत, असा ठराव करून घेता येतो.

आणि उन्हाळा वाया घालवू नका. मे महिन्यात नागपूरच्या दुपारी वाचक फिरकत नाहीत. ग्रंथ पडताळणी (वहीतली सगळी पुस्तकं जागेवर आहेत का ते मोजून बघणं), फाटक्या पुस्तकांची बांधणीसाठी निवड, बाद करायच्या पुस्तकांची यादी, ही कामं वर्षभर ‘वेळ मिळेल तेव्हा’ म्हणून लोंबकळतात. ती मेच्या दुपारींवर नावानिशी टाका. जूनमध्ये शाळा उघडल्या की बालविभागाला श्वास घ्यायला वेळ मिळत नाही.

राहिलं सॉफ्टवेअर. आधी कामवाटप, आणि त्याला कारण आहे. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार होऊन 2000 च्या जानेवारीत सुरू झालेलं मुक्त स्रोत (कुणालाही मोफत वापरता-बदलता येणारं) ‘कोहा’ घ्या, नाहीतर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ‘ई-ग्रंथालय’ घ्या. पहिल्याच आठवड्यात ते तुम्हाला विचारणार की नोंद कोण करणार, दुरुस्ती कोण करू शकतो, दंड माफ कुणाला करता येईल, पुस्तक बाद कोण करणार. प्रत्येक माणसाचं वेगळं खातं आणि वेगळे अधिकार. याची उत्तरं ठरलेली नसली की सगळेजण एकाच पासवर्डवर काम करतात, आणि मग चूक कुणाच्या हातून झाली ते कधीच कळत नाही. तुमचा नकाशा तयार असेल तर हे अधिकार एका बैठकीत भरून होतात.

जुन्या पुस्तकांच्या नोंदी भरताना पहिल्या क्रमांकापासून सुरू करू नका. आज देवघेवीत फिरणारी पुस्तकं आधी घ्या: जे पुस्तक परत येईल त्याची नोंद करूनच ते शेल्फवर जाऊ द्या. कोपऱ्यात वर्षानुवर्षं पडलेली पुस्तकं पडताळणीच्या वेळी हाती येतील, तेव्हा त्यातली बरीच बाद करायचीही ठरतील आणि तेवढी मेहनत वाचेल. दाखल क्रमांक मात्र जुनेच ठेवा. संगणकासाठी नवे क्रमांक पाडायचा मोह आवरा, नाहीतर जुनी बिलं, जुनी वही आणि नवी यादी यांचा ताळा पुन्हा बसणार नाही.

मंडळापुढे संगणकीकरणाचा ठराव येईल तेव्हा त्यात एक ओळ आवर्जून घालून घ्या: संगणकावरच्या नोंदी आणि दाखल नोंदवही यांचा एका पूर्ण पडताळणीत ताळा बसेपर्यंत हाताने लिहायची नोंदवही चालू राहील, आणि हा ताळा लिपिक व सहायक ग्रंथपाल मिळून घालतील. ही ओळ बैठकीत काकांनाच वाचू द्या.